दोन बाजार झाले का खोकल्याला? पाड्यावर क्षयरोगाची लक्षणं विचारण्यापासून बेडका प्रयोगशाळेत पोचेपर्यंत

७ जानेवारी २०२२ ला नंदुरबारमधून क्षयरोग शोधण्याची ‘आश्वासन’ मोहीम सुरू झाली. देशातले १७४ आदिवासी जिल्हे, शंभर दिवस, दारोदार चौकशी. ६८,०१९ गावांत मिळून १ कोटी ३ लाखांहून जास्त लोकांना लक्षणं विचारली गेली. त्यातले ३,८२,८११ जण संशयित निघाले. बेडका तपासला गेला २,७९,३२९ जणांचा आणि ९,९७१ जणांना टी.बी. निघाला.

मला या आकड्यांतली मधली जागा छळते. एक लाख तीन हजारांहून जास्त माणसं “हो, खोकला आहे” म्हणाली आणि त्यांचा बेडका तपासणीपर्यंत गेलाच नाही. तपासलेल्या साधारण २८ जणांमागे एक रुग्ण सापडला. तेच प्रमाण या राहिलेल्यांना लावलं तर साडेतीन हजारांवर रुग्ण हातातून सुटले असणार. प्रश्न विचारून झाले होते, माणूस समोर होता, फॉर्मवर टिकही झाली होती.

म्हणून हा लेख. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर मी हे काम केलं आहे. नव्याने शोधमोहिमेत उतरणाऱ्या आशाताई, आरोग्यसेवक आणि गावातली शिकलेली पोरं यांच्यासाठी लिहिते आहे. वारली, कातकरी, कोकणा, भिल्ल, पावरा, कोरकू, माडिया, प्रत्येकाचं जगणं वेगळं आहे. माझी उदाहरणं पालघरची आहेत, ती आपल्या भागाला जुळवून घ्या.

आदिवासी भागावर एवढा भर कशाला, असं कोणी विचारलं तर २०१८ चा आदिवासी आरोग्यावरचा तज्ज्ञ समितीचा अहवाल सांगा. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग त्या समितीचे अध्यक्ष होते. त्यात आदिवासींमध्ये क्षयरोगाचं प्रमाण लाखाला ७०३ दिलं आहे, इतरांत २५६. अर्धपोटी राहणं, धुराने भरलेलं एका खोलीचं घर, दरवर्षीचं स्थलांतर आणि दूरचा दवाखाना, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे.

पायरी १: दिवस आणि वेळ

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत पाड्यावर गेलात तर घराघरात म्हातारी माणसं आणि लेकरं भेटतील. दिवाळीनंतर गेलात तर अर्ध्या घरांना कुलूप, माणसं वीटभट्टीवर. भात कापून झालं आणि माणसं अजून निघाली नाहीत, ते थोडेसे दिवस सोन्याचे. दुसरी वेळ होळीची. भट्टीवर असो की ऊसतोडीला, होळीला माणूस घरी येतोच. या दोन्ही वेळा मोहिमेच्या सरकारी तारखांशी जुळतील असं नाही. मोहीम वेगळ्या महिन्यात असली तरी आपल्या पाड्याचा एक फेरा या दिवसांत करा. भट्टी जवळ असेल तर भट्टीवरच जा. तिथे कुटुंबं विटांच्या खोपीत दाटीवाटीने राहतात आणि त्यांची नावं कोणाच्याच यादीत नसतात.

दिवसाची वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची. दुपारी अकराला जाऊन “घरी कोणी नाही” असं लिहिलेलं घर झालं असं धरायचं नाही. त्या घराला पुन्हा जायचं.

निघायच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेला फोन करा. तपासणीच्या यंत्रात घालायच्या चिप किंवा कार्ट्रिज आहेत का, तंत्रज्ञ हजर आहे का, नमुने किती वाजेपर्यंत घेतील, हे विचारून घ्या. ही चौकशी न करता गोळा केलेले नमुने दोन दिवस पडून राहिलेले मी पाहिले आहेत. त्या माणसांना पुन्हा “थुंका” म्हणायला जाताना तोंड दाखवायची लाज वाटते.

पाड्यात शिरल्यावर पहिल्यांदा पाटलाला, मग भगताला, म्हणजे पाड्यावरच्या वैदूला भेटा. मेळघाटात भुमका, दुसरीकडे दुसरं नाव. खोकला हटत नाही म्हणून लोक आधी त्याच्याकडेच जातात, म्हणजे आपल्या आधी त्याने रुग्ण पाहिलेला असतो. त्याला शहाणपण शिकवू नका. “तुमचा उपाय चालू द्या, पण दोन आठवडी बाजार झाले तरी खोकला राहिला तर आम्हाला निरोप द्या,” एवढं बोला. संशयिताची खबर देणाऱ्याला, टी.बी. नक्की झाल्यावर, कार्यक्रमातून ५०० रुपये मिळतात. तो हक्क भगतालाही आहे, हे त्याला सांगा आणि खरंच मिळवून द्या.

पायरी २: प्रश्न

फॉर्मवर प्रश्न असे असतात: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप, वजनात घट, रात्री घाम येणे, थुंकीतून रक्त, छातीत दुखणे, मानेवर गाठ. प्रश्न बरोबर आहेत. पण हे असेच वाचून दाखवले तर उत्तर “नाही” येतं आणि अख्ख्या पाड्याचा अहवाल निरंक जातो.

दोन आठवडे म्हणजे किती, ते बाजारावर मोजा. “खोकला लागल्यावर दोन बाजार झाले का?” आठवडी बाजार कोणी विसरत नाही. महिन्यांचा हिशोब सणांवर: “पोळ्याला होता का खोकला? दिवाळीला?”

“खोकला आहे का” यावर म्हातारा हमखास नाही म्हणतो. बिडी आणि चुलीचा धूर यांमुळे तो वीस वर्षं खोकतोच आहे, तो त्याला आजार वाटत नाही. त्याला विचारा, “खोकला बदलला का? आधीपेक्षा वाढला? रात्री ढास लागून उठावं लागतं?” बायकोला विचारा, “यांच्या खोकल्याने तुमची झोप मोडते का?” ती खरं सांगते.

तापासाठी ताप हा शब्दच वापरू नका. ताप म्हणजे अंग भाजणारा, हिवतापासारखा, अशी समजूत असते. टी.बी.चा ताप बहुतेक वेळा बारीक असतो. “सांजेला अंगात कसर येते का? काम झाल्यावर अंग मोडून येतं का?” असं विचारा. वजनाचा काटा पाड्यावर कोणी पाहिलेला नसतो. पुरुषाला विचारा, करदोडा ढिला झाला का. बाईचा हात बघा, बांगड्या कोपराकडे सरकतात का, चोळी सैल झाली का. एका बाईने मला सगळ्या प्रश्नांना नाही म्हटलं होतं. मी उठताना तिने भाकरीचं पीठ झटकायला हात वर केला आणि बांगड्या सरसर कोपराच्या वर गेल्या. मी परत बसले. “ह्या कधीपासून अशा?” “भात लावला तेव्हापासून.” तिचा बेडका पॉझिटिव्ह आला.

घामाचं असंच. उन्हाळ्यात सगळ्यांनाच घाम येतो. “थंडीतही गोधडी ओली होते का? रात्री उठून लुगडं बदलावं लागतं का?” हा प्रश्न नेमका लागतो.

थुंकीतून रक्ताचा प्रश्न शेवटी आणि हळू आवाजात विचारा. त्या एका गोष्टीची लोकांना फार भीती असते. लगेच होकार मिळणार नाही, तेव्हा उत्तराची वाट पाहा.

सुनेला सासूसमोर विचारू नका. खोकणारी सून म्हणजे माहेरी धाडायची सून, हा धाक अजून आहे. पाणी आणायच्या वाटेवर, चुलीपाशी किंवा शेजारणीच्या ओसरीवर एकटीला गाठा. लग्नाच्या वयाच्या मुलीचंही तसंच. आणि दारात उभं राहून मोठ्याने “टी.बी.” म्हणू नका. शेजाऱ्यांचे कान तिथेच असतात. भिंतीवर खडूने खूण करायची पद्धत असेल तर ती भेटीची खूण असू द्या, आजाराची नको.

लहान मुलं खोकून बेडका काढत नाहीत आणि त्यांची लक्षणं अस्पष्ट असतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, खेळणं मंदावणं, अंगणवाडीच्या नोंदीत वजन थांबलेलं किंवा उतरलेलं, आणि घरात टी.बी.चा मोठा माणूस. यातलं काही असेल तर मूल थेट वैद्यकीय अधिकाऱ्याकडे. अंगणवाडीताईची वजनाची वही आधी मागून घ्या. नुसतं कुपोषण समजून खाऊ देत राहिलेल्या मुलाच्या मागे टी.बी. असू शकतो.

बोलीचा मुद्दा मोठा आहे. कोरकू किंवा माडिया यांचं मराठीशी भाषेचं नातं नाही. तिथे पाड्यातलीच, दोन्ही भाषा येणारी बाई बरोबर हवी. आदल्या दिवशी तिच्यासोबत बसून कसर, ढास आणि गाठ यांना पाड्यावर काय म्हणतात ते फॉर्मच्या मागे लिहून घ्या. शाळेतल्या पोराला दुभाषा करू नका. त्याच्यासमोर बाप रक्ताचं सांगणार नाही.

प्रत्येकाला आणखी दोन गोष्टी विचारायच्या. पूर्वी टी.बी.च्या गोळ्या घेतल्या होत्या का? घरात किंवा भट्टीवर सोबत राहणाऱ्या कोणाला टी.बी. झाला होता का? गोळ्या अर्धवट सोडल्या असतील तर तो माणूस यादीत सर्वांत वर.

दिवस संपल्यावर स्वतःचं काम तपासा. ‘आश्वासन’च्या आकड्यांनुसार शंभरात साधारण तीन-चार संशयित निघाले. दोनशे वस्तीच्या पाड्यात सात-आठ सापडायला हवेत. एकही सापडला नाही तर पाडा निरोगी आहे असं मानायची घाई करू नका, दुसऱ्या माणसाला दुसऱ्या वेळी पाठवा.

लक्षण नसलेल्यांचं काय?

लक्षणं विचारण्याची मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते सुटले असते. त्याच सर्वेक्षणात लक्षणं असलेल्या ६३.६ टक्के लोकांनी कुठेच उपचार घेतले नव्हते.

म्हणून हातात धरायच्या एक्स-रे यंत्राची गाडी तालुक्यात येणार असेल तर त्या दिवसासाठी वेगळी यादी तयार ठेवा. साठीच्या पुढचे, मधुमेही, रुग्णाच्या घरातले, आधी टी.बी. होऊन गेलेले, अगदी हडकलेले, बिडी-दारूची सवय असलेले, दगडखाणीत राबलेले. यांचा एक्स-रे लक्षण नसलं तरी काढायचा. गाडी येणार नसेल तर लक्षणं हेच आपलं हत्यार.

पायरी ३: बेडका त्याच वेळी

माणूस “हो” म्हणाला की “उद्या दवाखान्यात ये” म्हणू नका. उद्याची मजुरी जाते, जीप भाड्याला पैसे लागतात, दवाखान्यात कोणी ओळखीचं नसतं. ‘आश्वासन’मधले ते लाख लोक माझ्या मते याच वाक्यात हरवले. डब्या पिशवीत घेऊनच घरात शिरा आणि पहिला नमुना तिथेच घ्या.

डबीवर नाव, वय, पाडा आणि तारीख आधी लिहा. झाकणावर लिहू नका, डबीच्या अंगावर लिहा. झाकणं प्रयोगशाळेत अदलाबदल होतात. पाड्यावर एकाच नावाची तिघं असतात, म्हणून बापाचं किंवा नवऱ्याचं नावही हवं.

माणसाला घराबाहेर, मोकळ्या हवेत, लोकांपासून दूर न्या. बाईला घराच्या मागे, आणि सोबत बाईच. आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायला लावा, मशेरी-तंबाखूचे कण नमुन्यात नकोत. मग दोन-तीनदा खोल श्वास घेऊन, थोडा रोखून, पोटापासून खोकायला सांगा. मी स्वतः खोकून दाखवते, शब्दांपेक्षा ते लवकर कळतं. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे जाईल असे, माणसाच्या पाठीमागे उभे राहा. मास्क लावा.

निदान अर्धा चहाचा चमचा भरेल एवढा, चिकट, दाट, पिवळसर कफ हवा. पाण्यासारखी फेसाळ लाळ आली तर थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करा. लाळेची डबी गेली की अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो आणि माणसाला वाटतं, आपल्याला काही नाही. चुकीच्या नमुन्याचं नुकसान नमुना न घेण्याइतकंच आहे.

दुसरा नमुना पहाटेचा. रात्रभर साठलेला कफ त्यात येतो, म्हणून तो जास्त मोलाचा. संध्याकाळी डबी देऊन सांगा: “उठल्याबरोबर, मशेरी लावायच्या आधी, चूल पेटवायच्या आधी. झाकण घट्ट लावून सावलीत, पोरांचा हात न पोचेल अशा जागी ठेवा.” आणि सकाळी ठरल्या वेळी स्वतः घ्यायला जा. ही सकाळची फेरी चुकली की दुसरा नमुना गेलाच म्हणा.

मानेवर गाठ असलेल्याला बेडक्यावर अडवून ठेवू नका. गाठीची तपासणी वेगळी असते, त्याला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे न्या.

पायरी ४: डबी प्रयोगशाळेत

डबी उभी, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत. फॉर्म वेगळ्या पिशवीत, म्हणजे डबी गळली तरी कागद वाचता येतो. बर्फाच्या पॅकांसह थंड पेटी. लसीची पेटी कधीही वापरायची नाही, कितीही घाई असली तरी. शक्यतो त्याच दिवशी पोचवा, उन्हात दुचाकीला लटकवून नको. घाटाचा रस्ता असेल तर कोण नेणार, किती वाजता, त्याचं पेट्रोल कोण देणार, हे मोहिमेच्या आधी ठरलेलं असावं. बहुतेक योजनांत हाच तपशील सुटलेला असतो.

तपासणी शक्यतो सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या यंत्रांवर व्हावी म्हणून आग्रह धरा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला ते पुष्कळ असावे लागतात, त्यामुळे सुरुवातीचे रुग्ण सुटतात. ट्रूनॅट गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं. ते बॅटरीवरही चालतं, म्हणून वीज वारंवार जाणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही झेपतं. या दोन्ही यंत्रांवर रिफाम्पिसिन या टी.बी.वरच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही, तेही कळतं.

माझ्याजवळ एक साधी वही असते. एका ओळीत नाव, होकाराची तारीख, पहिली डबी, दुसरी डबी, पोचल्याची तारीख, निकाल, घरी सांगितल्याची तारीख. निक्षय या टी.बी. रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करायचीच, पण जिथे नेटवर्क नाही तिथे ही वहीच कोणता रकाना रिकामा आहे ते दाखवते. शनिवारी रिकामे रकाने मोजायचे आणि सोमवारी त्या घरांना जायचं.

पायरी ५: निकाल घेऊन परत जा

निकाल फोनवर किंवा चौथ्याच माणसाच्या हाती पाठवू नका. पॉझिटिव्ह असेल तर घरी जा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी स्वतः सोबत केंद्रावर न्या. पहिल्यांदा हे सांगा: गोळ्या फुकट आहेत, साधारण सहा महिने रोज घ्यायच्या आहेत आणि माणूस बरा होतो. साध्या टी.बी.ला सहा महिने पुरतात, औषधाला दाद न देणाऱ्याचा कोर्स वेगळा. लघवी लालसर-केशरी होते ते गोळीमुळे, हेही त्याच बैठकीत सांगा. नाहीतर तिसऱ्या दिवशी रक्त जातंय समजून गोळ्या बंद होतात. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर धूसर झाली तर मात्र थांबायचं नाही, लगेच दवाखाना. एचआयव्ही आणि साखरेची तपासणी त्याच वेळी करून घ्या.

निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात. १ नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते ५०० होते. अधिसूचित आदिवासी क्षेत्रातल्या रुग्णाला एकदाच ७५० रुपयेही आहेत. पण खातं बंद, आधार जोडलेलं नाही, नावाचं स्पेलिंग जुळत नाही, अशा कारणांनी पैसे अडकतात. उपचार सुरू होतानाच पासबुक बघा. पोट रिकामं असताना या गोळ्या पचत नाहीत, म्हणून पैसे सहा महिन्यांनी येऊन उपयोग नाही.

रुग्ण भट्टीवर किंवा ऊसतोडीला निघणार असेल तर त्याच्यावर चिडू नका, त्याला पोट भरायचं आहे. कोणत्या गावी, कोणत्या मुकादमाकडे, किती दिवस, ते विचारून घ्या. निक्षयमध्ये बदलीची नोंद करा आणि वाटेत पुरतील एवढ्या गोळ्या बांधून द्या. माझी एक चूक इथे सांगते. एका कातकरी तरुणाने दिवाळीनंतर जातो असं सांगितलं होतं. मी “बघू” म्हणाले. तो दिवाळीच्या आधीच गेला, गोळ्या दोन महिने तुटल्या आणि होळीला आला तेव्हा त्याची धाकटी बहीण खोकत होती. तेव्हापासून पहिल्या भेटीतच “कधी निघणार” हे विचारते.

त्या घरातल्या प्रत्येकाची तपासणी त्याच आठवड्यात. ज्यांना टी.बी. नाही त्यांना प्रतिबंधक उपचाराबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोला. रोजची सहा महिन्यांची गोळी किंवा आठवड्याला एक असे बारा डोस. स्थलांतर करणाऱ्या घराला बारा डोस झेपतात, ते उपलब्ध आहेत का ते विचारा.

निगेटिव्ह आलेल्याकडेही जा. “काही नाही निघालं, पण खोकला अजून आहे का?” आणखी दोन बाजारांनी खोकला तसाच असेल तर एक्स-रे आणि डॉक्टर. ज्याच्याकडे निगेटिव्ह निकाल घेऊनही कोणी आलं, तो पुढच्या वेळी हाक मारतो. गेल्या होळीला एका म्हाताऱ्याने मला नाक्यावर अडवलं. दोन वर्षांपूर्वी त्याचा बेडका निगेटिव्ह आला होता. म्हणाला, “ताई, माझं नाय. पण शेजारच्या पोराला तीन बाजार झाले.” माझ्या पिशवीत दोन डब्या होत्या.